गौण खनिज

खाण म्हटली की सुरजागडचे किंवा गोव्याचे लोहखनिज आठवते. उल्हास नदीच्या खोऱ्यातली खाण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना १९५७ च्या खनिजविषयक कायद्याने ‘गौण खनिज’ म्हटले. शहरे उभी राहिली ती मात्र याच गौण वस्तूंवर.

या खोऱ्यातला दगड कलेतिहासात मानाने शिरला. अंबरनाथच्या काळ्या पाषाणातील शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील शिलालेख आहे. १८६८ मध्ये मुंबई सरकारने कलाशाळेकरवी या मंदिराची मोजमापे घेतली, रेखाटने करविली, शिल्पांचे साचे घेतले. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरनेही त्याचे सविस्तर वर्णन केले.

त्याच गॅझेटियरमध्ये कातकरीही आहेत. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे, म्हणून कातकरी. पण १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल राखीव होत गेले आणि नावाला कारण झालेला धंदाच सुटला. पुढे त्यांनी कोळसा पाडला. जंगल विरळ झाल्यावर वीटभट्टी आली. १९३४ साली ए. एन. वेलिंग यांनी या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

वीटभट्टीचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते. आधी मालकाकडून उचल घ्यायची, बहुधा लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा पावसाळ्यातल्या उपासमारीपायी; मग सगळ्या घरादाराने भट्टीवर झोपडे बांधायचे. माती खणायची, भिजवायची, तुडवायची, साच्यात घालून थापायची. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो, आणि उचल फिटलेली नसेल तर पुढचा हंगामही त्याच मालकाकडे. मुलांची शाळा याच महिन्यांत बुडते. ज्या शेतातली माती गेली, तिथला पिकाऊ थर पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात.

वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच रद्द झाली होती. तरी ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारांना सोडवण्यासाठी विवेक पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारावी लागली.

सरकारदरबारी कातकरी ही आज महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे; दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. यांपैकी माडियांच्या मुलखात सुरजागड आहे, म्हणून त्यांच्या खाणीची निदान चर्चा तरी होते. बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांतला कातकरी जी खणतो, ती नुसती माती.