बोटीच्या पिछाडीची दोन पाती: ट्रिम टॅबचा जुना वाद

१९६० साली फ्लोरिडातील मायामी येथून बहामातील नासाऊकडे शक्तिचालित बोटींची शर्यत निघाली, तेव्हा समुद्र खवळलेला होता. रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही ३१ फुटी लाकडी बोट सुमारे आठ तासांत नासाऊला पोहोचली. दुसरी बोट त्यानंतर दोन तासांनी आली, आणि बऱ्याच स्पर्धकांना तर दुसरा दिवस उजाडला. मॉपीचा आराखडा रे हंट यांचा. तोपर्यंतच्या वेगवान बोटींचा तळ पिछाडीकडे सपाट होत जाई. हंट यांनी मात्र तळाचा ‘व्ही’ आकार सुमारे २४ अंशांच्या उतारासह थेट शेवटापर्यंत नेला. लाटेवर आदळण्याऐवजी ही बोट लाट कापत गेली.

या विजयाची किंमतही होती. खोल ‘व्ही’ तळ पाणी खाली दाबण्यापेक्षा बाजूंना अधिक सारतो, त्यामुळे बोटीला पाण्यावर उचलून धरणारे बल कमी पडते. ती उशिरा वर येते, येताना नाळ आकाशाकडे करते, आणि आडवा वारा सुटला किंवा दोन माणसे एका बाजूला बसली की त्या अंगाला कलून धावू लागते. या दोषांवरचा उपाय म्हणून पिछाडीला बिजागरीने जोडलेली, खालीवर होणारी दोन धातूची पाती वेगवान बोटींवर रूढ झाली. त्यांनाच ट्रिम टॅब म्हणतात. वेगासाठीच बांधलेल्या बोटीवर ती हवीत की नकोत, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो समजण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

१८७२ साली चार्ल्स रॅमस या इंग्रज धर्मगुरूने ब्रिटिश नौदलापुढे एक कल्पना मांडली: तळाला पायरी दिली तर जहाज पाणी फाडत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाईल. परीक्षणाचे काम विल्यम फ्रूड यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांनी टॉर्की येथे प्रतिकृती ओढण्याची टाकी सुरू केली होती. वाफेच्या इंजिनांच्या वजनापुढे त्या कल्पनेचा निभाव लागणार नाही, हे फ्रूड यांच्या मोजमापांतून दिसले. निष्कर्ष त्या काळापुरता बरोबर होता. विसाव्या शतकात हलकी पेट्रोल इंजिने आली आणि धर्मगुरूचे स्वप्न पाण्यावर उतरले.

घसरत्या बोटीचे गणित पुढे जर्मनीत वाल्टर सॉटॉर्फ यांच्या प्रयोगांतून आणि अमेरिकेत डॅनियल सॅवित्स्की यांच्या १९६४ च्या प्रसिद्ध शोधनिबंधातून स्पष्ट झाले. त्याचे सार एका उदाहरणात सांगता येते. पाच टनांची बोट नाळ ४ अंश वर ठेवून घसरत असेल, तर केवळ या तिरकेपणामुळे तिला सुमारे ३५० किलो वजनाएवढा विरोध होतो. नाळ ८ अंश वर गेली की तोच विरोध ७०० किलोच्या घरात जातो. मग नाळ पूर्ण खाली का आणू नये? कारण कोन जितका कमी, तितका तळाचा अधिक भाग पाण्याला चिकटतो आणि घर्षण वाढते. या दोहोंची बेरीज साधारण ४ ते ५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी असते.

ट्रिम टॅबचे काम इथे सुरू होते. पाते खाली वळले की पिछाडी उचलली जाते आणि नाळ खाली येते. यातले बरेचसे बल पात्यावर नव्हे, तर त्याच्या पुढच्या तळावर निर्माण होते, कारण पाते पाण्याला अडवते आणि मागचा दाब पुढे साचतो. सॅवित्स्की आणि ब्राउन यांनी १९७६ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार ४ अंशांवर धावणाऱ्या बोटीचे पाते ५ अंश वळवले, तर मिळणाऱ्या उचलीच्या विसाव्या भागाहूनही कमी विरोध वाढतो. सौदा स्वस्त आहे. पण बोटीला त्या उचलीची गरज असेल तरच.

वेग वाढत जातो तसा घसरत्या बोटीचा कोन आपोआप उतरतो. वेग दुप्पट झाला की त्याच पात्याचे बल चौपट होते. म्हणजे मधल्या वेगात जे पाते इंधन वाचवते, तेच सर्वोच्च वेगात नाळ पाण्यात दाबते. मग बोट नाळेवरच वळू पाहते आणि सुकाणूला दाद देईनाशी होते. म्हणून आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह असलेल्या बोटींचे चालक म्हणतात, की प्रोपेलरचा कोन बदलता येत असताना पाती कशाला? शांत तळ्यातल्या हलक्या बोटीपुरते हे म्हणणे खरे आहे. खुल्या समुद्रात ते टिकत नाही. एकाच इंजिनाचा कोन बदलून बोटीचा एका बाजूचा कल सुधारता येत नाही. दोन स्वतंत्र पाती तो सहज सुधारतात. शिवाय, नाळ लयीत वरखाली उसळू लागणे, म्हणजे ‘पॉर्पॉइजिंग’, कोन उतरवला की थांबते. त्यासाठी प्रोपेलर कलवला तर त्याच्या जोराचा काही भाग पिछाडी उचलण्यातच खर्ची पडतो.

हा प्रश्न काही अंशांचा असला तरी क्षुल्लक नाही. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट बोट ‘ब्लूबर्ड के७’ ताशी ३०० मैलांहून अधिक वेगात असताना नाळ वर होऊन उलटली आणि त्यांचा मृत्यू झाला. तिथे प्रश्न पाण्याचा कमी आणि तळाखाली शिरलेल्या हवेचा अधिक होता. त्या वेगात पिछाडीची पाती कामाची नव्हेत. पण नाळेचा कोन निसटला की काय होते, ते त्या दृश्याने जगाला दाखवले.

(‘ट्रिम टॅब’ हा शब्द विमानांच्या आणि सुकाणूंच्या जगातही आहे. बकमिन्स्टर फुलर यांच्या थडग्यावर तो कोरलेला आहे, तो मोठ्या सुकाणूला वळवणाऱ्या छोट्या पट्टीच्या अर्थाने. बोटीचे पाते हा त्याचा दूरचा भाऊबंद.)

जेथे प्रोपेलरचा कोन बदलताच येत नाही, तेथे वाद फारसा उरत नाही. स्थिर दांड्याच्या किंवा वॉटरजेटच्या बोटींत पाती, नाहीतर त्यांची नवी बहीण ‘इंटरसेप्टर’, म्हणजे पिछाडीवर काही मिलिमीटर खाली सरकणारी उभी पट्टी, हाच सोयीचा मार्ग आहे. भारतीय तटरक्षक दलासाठी बांधलेल्या, ४५ नॉटच्या घरात धावणाऱ्या वॉटरजेट बोटी याच वर्गातल्या. योगायोगाने त्यांनाही ‘इंटरसेप्टर’च म्हणतात, शब्द एक, अर्थ दोन.

अशा तळांची परीक्षा आजही फ्रूड यांच्याच पद्धतीने होते. विशाखापट्टणम येथील नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत ५०० मीटर लांबीची टाकी आहे. प्रतिकृती सेकंदाला २० मीटर वेगाने ओढायची, तर एवढी टाकीसुद्धा २५ सेकंदांत संपते, आणि त्यातच वेग घेणे व थांबणे आले. मोजणीला हाती येतात जेमतेम काही क्षण. तेवढ्यात पात्याच्या एका कोनाचे आकडे नोंदवायचे, पाणी पुन्हा निवळेपर्यंत थांबायचे, आणि पाते एक अंशाने वळवून पुन्हा सुरुवातीपासून ओढायचे.