कृत्रिम ग्राही

कृत्रिम ग्राही म्हणजे एखाद्या विशिष्ट रेणूला ओळखून त्याच्याशी निवडकपणे जोडला जाणारा, प्रयोगशाळेत संश्लेषित केलेला रेणू होय. सजीवांच्या शरीरात हे कार्य प्रथिने करतात: प्रतिपिंडे, विकरे आणि पेशींवरील ग्राही ही त्याची उदाहरणे आहेत. कृत्रिम ग्राही आकाराने प्रथिनांपेक्षा बरेच लहान असतात आणि उष्णतेने किंवा साठवणुकीत सहसा लवकर खराब होत नाहीत. त्यांची बांधणी हा यजमान-अतिथी रसायनशास्त्राचा विषय आहे. यात ग्राहीला 'यजमान' आणि बद्ध होणाऱ्या रेणूला 'अतिथी' म्हणतात.

इतिहास

विकर आणि त्यावर क्रिया घडणारा पदार्थ यांचा संबंध कुलूप आणि किल्लीसारखा असतो, अशी कल्पना एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. १९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी धातूंचे आयन आपल्या पोकळीत धरून ठेवणाऱ्या क्राउन ईथर या वलयाकार संयुगांचा शोध प्रसिद्ध केला. ज्याँ-मारी लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांनी त्रिमितीय पोकळी असलेले यजमान रेणू तयार केले. या तिघांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

रचनेची तत्त्वे

ग्राहीची पोकळी आकाराने व रासायनिक गुणधर्मांनी अतिथीला पूरक असावी लागते. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांमधील आकर्षण आणि जलविरोधी पृष्ठभागांची जवळीक यांसारख्या अनेक दुर्बल बलांची बेरीज होऊन अतिथी बांधला जातो. पोकळी आधीपासूनच योग्य आकारात ताठ असेल, तर अतिथीला सामावताना ऊर्जा कमी खर्च होते. या तत्त्वाला पूर्वरचना म्हणतात.

जैविक रेणूंच्या बाबतीत मुख्य अडचण पाण्याची असते. पाण्याचे रेणू स्वतःच हायड्रोजन बंध तयार करतात. त्यामुळे ते ग्राही आणि अतिथी या दोहोंना वेढून टाकतात.

ग्लुकोजचा ग्राही

ही अडचण ग्लुकोजच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. निरोगी व्यक्तीच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोजचे प्रमाण लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल असते, तर एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५ मोल असतात. म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा हजारांहून अधिक रेणू असतात. शिवाय ग्लुकोजच्या कडेवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंसारखेच दिसतात, आणि गॅलॅक्टोजसारख्या शर्करा ग्लुकोजहून केवळ एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेने वेगळ्या असतात.

यावर दोन प्रमुख उपाय विकसित झाले. पहिला बोरॉनिक आम्लांचा. ही आम्ले शेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांशी उलट फिरू शकणारे सहसंयुज बंध तयार करतात. साध्या बोरॉनिक आम्लाला ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजचे आकर्षण अधिक असते. १९९० च्या दशकात सेजी शिंकाई, टोनी जेम्स आणि सहकाऱ्यांनी दोन बोरॉनिक आम्ल गट योग्य अंतरावर बसवून ग्लुकोजला प्राधान्य देणारे प्रतिदीप्त ग्राही तयार केले.

दुसऱ्या उपायात केवळ असहसंयुज बलांचा वापर होतो. बीटा-ग्लुकोजच्या वलयाच्या वरच्या व खालच्या बाजूस केवळ कार्बन-हायड्रोजन बंध असून सर्व ध्रुवीय गट कडेला असतात. ब्रिस्टल विद्यापीठातील अँथनी डेव्हिस यांच्या गटाने याला अनुरूप अशी मंदिरासारखी रचना केली. तिचे छत आणि तळ जलविरोधी अ‍ॅरोमॅटिक वलयांचे असून खांबांवर हायड्रोजन बंध करणारे ध्रुवीय गट असतात. २०१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्राहीचा ग्लुकोजशी बंधन स्थिरांक पाण्यात सुमारे १८,००० प्रति मोलार आहे. तो इतर बहुतेक शर्करांना फारच क्षीणपणे बांधतो.

उपयोग

औषधनिर्मिती: सुगामाडेक्स हे गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनपासून बनवलेले औषध शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी दिलेल्या रोक्युरोनियमला रक्तातच आपल्या पोकळीत अडकवते. त्यामुळे स्नायूंची हालचाल लवकर पूर्ववत होते. युरोपीय संघात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

ग्लुकोज मापन: बोरॉनिक आम्लावर आधारित, त्वचेखाली बसवण्याच्या 'एव्हरसेन्स' संवेदकाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

ग्लुकोज-प्रतिसादी इन्सुलिन: मधुमेहात इन्सुलिनची मात्रा अधिक झाल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घटून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. हे टाळण्यासाठी नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने इन्सुलिनच्या रेणूवर एक वलयाकार ग्राही आणि ग्लुकोजसदृश गट बसवला. शर्करा कमी असताना हा गट ग्राहीत अडकून इन्सुलिनची क्रिया मंदावते. शर्करा वाढली की ग्लुकोज त्याची जागा घेते आणि इन्सुलिन अधिक सक्रिय होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ग्लुकोजचे प्रमाण लिटरमागे ३ वरून २० मिलिमोल केल्यावर शरीरातील इन्सुलिन ग्राहीशी या रेणूची बंधनक्षमता ३.२ पट वाढली. उंदीर व डुकरांवरील प्रयोगांतही अपेक्षित परिणाम दिसला.

मर्यादा

रक्तात हजारो प्रकारचे रेणू असल्याने शुद्ध पाण्यात यशस्वी ठरलेला ग्राही तेथे तितकाच निवडक राहील असे नाही. विषारीपणा, विद्राव्यता आणि संश्लेषणाचा खर्च यांचाही विचार करावा लागतो. तसेच बंधन केवळ प्रबळ असून चालत नाही. सतत मापन करणाऱ्या संवेदकात अतिथी सुटून पुन्हा जोडला जाणे आवश्यक असते. याउलट, सुगामाडेक्ससारख्या औषधात अतिथी सुटू न देणे हेच उद्दिष्ट असते.