पाडलेल्या रस्त्याची गरज

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्व किनाऱ्यावर फेरी बिल्डिंग नावाची, 1898 साली खुली झालेली धक्क्याची इमारत आहे. 1936 साली बे ब्रिज आणि 1937 साली गोल्डन गेट पूल खुला होईपर्यंत खाडीपलीकडचे नोकरदार फेरीबोटीने येथेच उतरत. कोकणच्या बोटीने येणाऱ्याला भाऊचा धक्का, तशी त्यांना ही इमारत. 1906 च्या भूकंपातही तिचा मनोरा ढळला नाही. पुढे अर्धशतकानंतर सरकारी अभियंत्यांनी नेमका तिच्या तोंडावरून एक दुमजली रस्ता नेला. त्याचे नाव एम्बार्काडेरो फ्रीवे.

मूळ कल्पना दोन्ही पूल या रस्त्याने जोडावे अशी होती. आजच्या मोटारी मोजावयाच्या, त्यांची वाढ कागदावर पुढे न्यावयाची आणि त्या आकड्याला पुरेल एवढा रस्ता आखावयाचा, अशी तेव्हाची रीत होती. रस्ता झाल्यामुळेच किती नव्या मोटारी बाहेर पडतील, हा प्रश्न त्या गणितात क्वचितच शिरे. शिवाय 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्र सरकारने उचलला होता. दुसऱ्याच्या खिशातून पैसा येणार असला की गरजही थोर वाटू लागते, हा अनुभव काही अमेरिकेपुरता नाही.

नागरिकांनी मात्र हरकत घेतली. घरे जाणार होती, उद्याने चिरली जाणार होती. जानेवारी 1959 मध्ये नगरसभेने नियोजित दहांपैकी सात महामार्ग नामंजूर केले, आणि 1966 साली पुन्हा आलेल्या योजनाही केंद्राच्या पैशावर पाणी सोडून परत पाठविल्या. एम्बार्काडेरोचा जो तुकडा आधीच उभा राहिला होता, तो 1959 मध्ये खुला झाला. दुसऱ्या पुलापर्यंत तो कधीच पोहोचला नाही. ब्रॉडवे रस्त्याशी येऊन थांबला. ज्या हेतूने बांधला तो हेतूच उरला नव्हता.

तरीही रोज साठ हजारांहून अधिक वाहने त्यावरून धावू लागली. 1986 साली तो पाडण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तेव्हा त्यांनी तो फेटाळला. एकेकाळी ज्याला विरोध झाला, त्यावाचून आता शहराचे चालणार नव्हते.

17 ऑक्टोबर 1989 रोजी भूकंप झाला. खाडीपलीकडे ओकलंडमध्ये अशाच बांधणीचा दुमजली रस्ता कोसळून बेचाळीस माणसे गेली. एम्बार्काडेरो उभा राहिला, पण वाहतुकीस बंद करावा लागला. वाहनांची कायमची कोंडी होईल, हे भाकीत मात्र खरे ठरले नाही. काही वाहने इतर रस्त्यांत पांगली, काही लोक रेल्वेकडे वळले, काही फेऱ्या बहुधा झाल्याच नाहीत.

एका वस्तीचे दुःख मात्र खोटे नव्हते. ब्रॉडवेवर उतरणारी गिऱ्हाइके थेट चायनाटाउनात येत. तेथील दुकानदारांचा धंदा बसला. रस्ता दुरुस्त करा, असा त्यांचा आग्रह होता. महापौर आर्ट ॲग्नोस यांनी पाडण्याचा पक्ष घेतला आणि नगरसभेत तो अवघ्या एका मताने तरला. फेब्रुवारी 1991 मध्ये पाडकाम सुरू झाले. त्याच वर्षी ॲग्नोस निवडणूक हरले, आणि त्यात चायनाटाउनच्या नाराजीचा वाटा होता.

पुढे किनाऱ्यावर ताडांच्या रांगा लागल्या, 2000 साली ट्राम धावू लागली, 2003 साली फेरी बिल्डिंग बाजारपेठ होऊन पुन्हा उघडली. पाहुणे हे सारे कौतुकाने पाहतात. गेलेल्या रस्त्याच्या बदल्यात चायनाटाउनने भुयारी रेल्वे मागितली होती. ती नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. तोवर एकतीस वर्षे उलटली होती.