सीईटी, जेईई की नीट? प्रवेशाच्या अर्जात कोणता स्कोअर भरायचा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत एकच गर्दी उसळते. अर्ज भरणारा पोरगा घाईत विचारतो, "सीईटीचाच भरू ना?" विद्यार्थी मान हलवतो आणि जेईईचा रकाना कोराच राहतो. नुकसान होतं ते इथेच.

राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटावर भरतात, हे खरं. पण खासगी विनाअनुदानित कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात आणि तिथे जेईई मेनचा स्कोअर चालतो. महाराष्ट्रातल्या मुलामुलींनाही त्या खुल्या आहेत. दोन्ही गुणवत्ता याद्या वेगवेगळ्या लागतात. जेईईत कमी पडले म्हणून सीईटीचा नंबर खाली जात नाही. त्यामुळे जेईई दिली असेल तर ती लाज न बाळगता भरावी.

खरी गफलत पर्सेंटाइलची. समजा, सीईटीत 92 आणि जेईईत 80 पर्सेंटाइल आहेत. घरच्यांना वाटतं, 80 कशाला दाखवायचे? पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्या परीक्षेत किती जण आपल्या मागे राहिले, तेवढंच त्यातून कळतं. जेईईला देशभरातली पोरं बसतात, सीईटीची गर्दी वेगळी. म्हणून दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही हाती लागत नाही. हवं असलेल्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कटऑफ उघडावा. सीईटीचा आकडा राज्याच्या यादीशी, जेईईचा अखिल भारतीय यादीशी ताडून पाहावा.

जेईई जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा दिली असेल तर चांगला स्कोअर आपोआप धरला जातो. तिथे निवडायचं काही नाही.

बी.फार्मसी आणि बी.एस्सी. कृषीला पीसीएम किंवा पीसीबी, कोणताही गट चालतो. गणित कच्चं आणि जीवशास्त्र पक्कं असलेल्यांना याचा मोठा आधार. इंजिनिअरिंगला मात्र साधारणपणे पीसीएमच लागतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांना फक्त नीट. सीईटीत 99 असले तरी उपयोग नाही.

प्रवेश कॅप फेरीतूनच घ्यावा, कारण मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सरकारी फी सवलत मिळत नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना 2024-25 पासून मिळणारी शिक्षण शुल्क माफीही कॅपच्याच प्रवेशाला आहे.

अर्ज कायम करण्याआधी जेईईचा अर्ज क्रमांक स्कोअरकार्डावरून एकेक अंक जुळवून बघावा. तात्पुरती यादी लागल्यावर तक्रारीला मोजकेच दिवस मिळतात. पासवर्ड कॅफेवाल्याकडे नाही, स्वतःच्या वहीत असू द्यावा.