टँकरच्या पाठीवरची पाटी

आपल्या कान्हे फाट्यावरून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो, जवळून रेल्वे जाते. बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला, १८६३ साली घाटातून रेल्वे आली. तेव्हापासून मुंबईचा माल मावळातूनही देशावर चढतो. त्यात पेटणारा, विषारी मालही असतो. तो नेण्याचे नियम मात्र माणसे गमावून शिकावे लागले.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या. एरवी अशी स्फोटके गोदीबाहेरच होड्यांत उतरवून घेत. महायुद्धाच्या घाईत ते टळले. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. आग लागली आणि दुपारी चारनंतर स्फोट झाले. शेकडो माणसे गेली, त्यांत ६६ जण अग्निशमन दलाचे. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो.

पुढे १९८४ मध्ये भोपाळ घडले आणि घातक रसायनांचे कायदे कडक झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे अशा टँकरवर रसायनाचे नाव, त्याचा क्रमांक आणि मदतीचे फोन लिहिलेली पाटी लागते. चालकाला खास प्रशिक्षण लागते.

तरीही १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले. चौघे दगावले, त्यांत खालून जाणारेही होते.

म्हणून ती पाटी आपल्यालाही वाचता यायला हवी. १२३० म्हणजे मिथेनॉल; त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. तो हवेपेक्षा जड, सखल भागाकडे पसरतो. १०१७ म्हणजे क्लोरीन.

टँकर उलटला, तर कॅन घेऊन धावू नका, मुलांना बघायला जाऊ देऊ नका. वारा ज्या बाजूने येतो तिकडे, उंचावर दूर जा. घर जवळ असेल तर निघण्याआधी चूल, गॅस बंद करा. लांबूनच क्रमांक दिसला, तर ११२ ला फोन करून तो सांगा. येणाऱ्या जवानांना पाणी मारायचे की फेस, हे त्यावरूनच ठरवता येते.