दोन नांवांची गायिका

१९४६ च्या प्रारंभीं शांघाय शहरांत एका तरुण नटीवर देशद्रोहाचा आरोप होता. ली शियांगलान् हें तिचें नांव चीनमध्यें सर्वतोमुखीं झालेलें. चिनी असून जपानी सत्तेच्या प्रचारपटांत ती गायिली, हा तिचा अपराध. आणि त्याला देहान्ताचीही शिक्षा होऊं शकत होती. ती वांचली एका कागदामुळें. ती मुळीं चिनी नव्हतीच, हें सिद्ध करणारा जपानी कुटुंबनोंदीचा उतारा वेळेवर हातीं आला.

तिचें खरें नांव योशिको यामागुची. १९२० सालीं मांचूरियांत जपानी आईबापांच्या पोटीं तिचा जन्म झाला. वडील दक्षिण मांचूरिया रेल्वेच्या लोकांस चिनी शिकवीत. मुलीला ती भाषा मातृभाषेसारखी अवगत झाली. पित्याच्या एका चिनी स्नेह्यानें तिला मानसकन्या मानून हें दुसरें नांव दिलें. तेथील रीतीप्रमाणें ती केवळ स्नेहाची खूण होती. पुढें १९३७ मध्यें जपान्यांनीं मांचूरियांत चित्रसंस्था काढली, तेव्हां त्यांना नेमकी अशीच मुलगी हवी होती. १९३८ पासून ती चिनी नटी म्हणून पडद्यावर आली.

१९४० च्या 'चीनच्या रात्री' या चित्रपटांत जपानी खलाशी एका अनाथ चिनी मुलीस थप्पड मारतो आणि तेथपासून ती त्याच्यावर अनुरक्त होते. जपान्यांस हा प्रणय वाटला. चिनी प्रेक्षकांस तो दुहेरी अपमान वाटला. मारही खायचा आणि मारणाऱ्यास वशही व्हायचें! तोही आपल्याच देशाची कन्या हौसेनें करून घेते, हें तर अगदींच असह्य. टोकियोंत मात्र ११ फेब्रुवारी १९४१ रोजीं तिला ऐकण्यास लोटलेल्या रांगेनें निचिगेकी नाट्यगृहास सात वेढे घातले, असें सांगतात.

कायद्याचें तर्कशास्त्र मोठें विलक्षण. जें सोंग साऱ्या अनर्थाचें मूळ, तें उघडें पडतांच देशद्रोहाचा आरोपच उरला नाहीं! ती मुक्त होऊन जपानला परतली.

नंतर कुरोसावांच्या १९५० च्या 'स्कँडल'मध्यें ती चमकली. हॉलिवूडमध्यें शर्ली यामागुची झाली, म्हणजे नांव तिसरें. १९५८ मध्यें विवाहानंतर तिनें चित्रपट सोडला. १९७४ पासून १८ वर्षें ती जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहांत होती. १९८७ च्या आत्मचरित्रांत तिनें त्या चित्रपटांबद्दल खेद लिहून ठेवला. २०१४ सालीं ती निवर्तली. १९४४ मध्यें शांघायांत तिनें गाइलेलें 'ये लाय शियांग' हें गीत पुढें तैवानच्या तेरेसा तेंग यांनींही गाइलें, आणि चिनी घरांतून तें आजही ऐकूं येतें.