तिऱ्हाइताचा जामीन

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेस मुरार आहे. १८४४ नंतर येथे इंग्रजांची छावणी बसली. १८८६ मध्ये झांशीच्या मोबदल्यात किल्ला व मुरार ही दोन्ही शिंदे दरबारास परत मिळाली. छावणी गेली, तरी बाजार राहिला आणि कातडी कमावण्याचा धंदाही राहिला. या धंद्यास भांडवल लागते, कारण कच्चे कातडे रोखीने घ्यावे लागते आणि ते कमावून विकले जाईपर्यंत पैसा अडकून पडतो. कर्ज मागावयास गेले की पहिला प्रश्न येई : जामीन कोण?

मराठी कारभारात जामिनाचे प्रकार बारकाईने ठरलेले होते. माणूस हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, पैशाची घेणारा तो मालजामीन, आणि गावकऱ्यांनी परस्परांची घेतलेली हमी ती साखळीजामीन. या सर्वांचा पाया ओळख हा होय. आमच्या वाचकांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९०६ मध्ये श्रीपाद सुब्बराव तलमकी यांनी मुंबईत स्थापिलेली शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी सारस्वतांच्या परस्पर विश्वासावरच उभी राहिली. तिच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु ज्याच्या आळीत सारेच निर्धन, त्या चर्मकाराच्या साखळीजामिनास सावकार किंमत ती काय देणार? सोयऱ्याधायऱ्यांची पत हीच ज्याची पत, त्याचे सोयरे दरिद्री असले की दार बंद.

हे दार किलकिले झाले ते १ जुलै १९६० रोजी. लघुउद्योगांस दिलेल्या कर्जात बँकेस तोटा आल्यास त्याचा काही वाटा सरकारने सोसावा, अशी योजना भारत सरकारने रिझर्व्ह बँकेमार्फत सुरू केली. आरंभी ती केवळ २२ जिल्ह्यांपुरती होती. १९६३ पासून सर्व देशास लागू झाली. १९८१ मध्ये ती योजना मिटवून हे काम ठेवविमा व पतहमी महामंडळाकडे देण्यात आले. पुढे २००० मध्ये केंद्र सरकार व भारतीय लघुउद्योग विकास बँक यांनी मिळून यासाठी स्वतंत्र न्यास स्थापिला. त्याची अट आम्हांस फार महत्त्वाची वाटते : या हमीखालील कर्जास बँकेने तारण मागू नये आणि तिऱ्हाइताचा जामीनही मागू नये.

येथे एक गैरसमज काढून टाकणे आमच्या व्यवसायाचे कर्तव्यच आहे. सरकार जामीन राहिले म्हणजे कर्ज माफ, असे अनेक जण समजतात. १८७२ च्या करार कायद्याच्या १४० व्या कलमानुसार जामिनाने पैसे भरले की धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात. ऋणको सुटत नाही. न्यासाच्या योजनेतही हमी मिळते ती बँकेस, तीही बहुधा कर्जाच्या ठराविक भागापुरती आणि शुल्क घेऊन. न्यासाने पैसे दिले तरी कर्जदारामागील वसुली चालूच राहते. शंभर रुपयांचे कर्ज बुडाले तर बँकेचेही काही रुपये बुडतात, म्हणूनच ती माणूस पारखून घेते. ती पारख कधीकधी फाजील होते आणि हमी असूनही तारण मागितले जाते, हा अनुभव आमच्या अशिलांकडून आम्ही ऐकला आहे.

जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी आलेल्या स्वनिधी योजनेत प्रथम १०,००० रुपये विनातारण मिळत. ते फेडले की २०,०००, तेही फेडले की ५०,०००. या कर्जांनाही याच न्यासामार्फत हमी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५,००० व २५,००० करण्यात आले. मुरारच्या बाजारातील हातगाडीवाल्याचे सोयरे कोण, हे येथे कोणी विचारीत नाही. मागील हप्ते वेळेवर भरले काय, एवढेच पाहिले जाते.